पॉटातल्या पुंगळ्या

माळ्यावर चढायचं वय आता माझं राहिलेलं नाही, तरी चढले. खाली काशीवहिनी शिडी धरून उभी होती आणि माझ्या वयाचा, गुडघ्यांचा आणि अकलेचा मनसोक्त उद्धार करत होती. शेजारीण म्हणून तिला तो हक्क आहे. आणखी एका कारणानेही आहे, ते पुढे येईलच.

मी शोधत होते जुन्या पुंगळ्या. काडतूस उडालं की मागे पितळेची जी रिकामी नळी उरते, तिला आमच्याकडे पुंगळी म्हणतात. आमच्या घरात शेतराखणीच्या परवान्याची एकनळी बंदूक होती. निवडणुकीच्या वेळी सगळ्यांच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा होतात तशी आमचीही झाली, आणि ती मी परत आणलीच नाही. परवाना माझ्या नावावर, खांदा माझा दुखणारा आणि शेत दोन वर्षं पडीक. मुलगा रत्नागिरीत नोकरीला आहे, तो म्हणाला, "आई, देऊन टाक कायमची. कोणावर रोखणार आहेस आता?" दिली. ठाण्यातल्या हवालदाराने एवढंच सांगितलं की घरात काही उरलंसुरलं असेल, अगदी रिकाम्या पुंगळ्यासुद्धा, तर तेही आणून द्या. म्हणून ही शिडी.

पुंगळ्यांचा डबा काही मिळाला नाही. मिळाला तो आइस्क्रीमचा पॉट. जुन्या पद्धतीचा, लाकडी बादलीचा, वर दात्यांचं चाक आणि बाजूला हँडल. बादलीच्या लोखंडी पट्ट्या गंजून सैल झाल्या होत्या. खाली घेताना आत काहीतरी हललं, मऊ आणि जड. तो आवाज कानावर पडला आणि मी शिडीवरच थांबले. काशीवहिनीला वाटलं मला चक्कर आली.

पडवीत आणून आतल्या डब्याचं झाकण काढलं. आत भाताचा तूस होता, काळपट पडलेला, आणि तुसात अर्ध्या बुडालेल्या पुंगळ्या. शेवटच्या खेपेला मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, ठेवल्या होत्या तशाच. इतक्या वर्षांनंतरही त्या डब्यातून थोडा सोलांचा, म्हणजे आमसुलांचा, आंबूस वास आला, थोडा उडालेल्या दारूचा आणि थोडा जुन्या धान्याच्या कणगीचा. मी तोंड तसंच डब्यावर धरून बसले.

तेवढ्यात आतल्या खोलीतून आत्यांचा आवाज आला, "बार झाला काय गो?"

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. नव्वदीच्या आसपास असतील, नक्की वय त्यांनाही ठाऊक नाही. हा प्रश्न त्या रोज दिवेलागणीला विचारतात, आणि माझा सगळा जीव सध्या या एका प्रश्नात अडकलेला आहे. कारण बार झाला नाही तर त्या संध्याकाळच्या ताटाला हात लावत नाहीत.

झालंय असं, की या घराची एक जुनी रीत होती. भाताचा दाणा दुधात आला की रानडुकरं ओढ्याकाठच्या आमच्या मळीत उतरायची. मग भात कापून होईपर्यंत रोज दिवे लागायच्या वेळी मळीतून बंदुकीचा एक बार हवेत काढायचा. डुकरं पांगायची. पण घरात त्या बाराचा अर्थ वेगळा होता. राखणीला गेलेलं माणूस धड आहे आणि आता घराकडे निघालं आहे, असा. बार ऐकला की आत्या थापून ठेवलेली भाकरी तव्यावर टाकायच्या. त्याच्या आधी टाकायच्या नाहीत. बार होईपर्यंत घरात कोणी जेवायचं नाही, हा त्यांचाच कायदा.

गेल्या वर्षापर्यंत त्यांना ऋतूंचं भान होतं. यंदा ते सुटलं. आता त्यांच्यासाठी रोजच भात दुधात असतो आणि रोजच कोणीतरी मळीत असतं. मी म्हणते, "झाला, आत्या, मघाशीच झाला." त्यावर त्या तोंड फिरवतात. "खोटा नको बोलू. मना ऐकू नाय आला." कान अजून तिखट आहेत, तेच वांधे. मऊभात पुढ्यात गार होतो. सकाळी चार घास जातात तेवढेच. माणूस डोळ्यांदेखत वाळत चाललंय आणि मी बंदूक देऊन आलेली. मुलाला सांगितलं तर तो म्हणाला, मोबाइलवर आवाज लावून बघ. तेही केलं. आत्या म्हणाल्या, "ह्यो कसला, लग्नातला फटाका."

तर असा तो पॉट पुढ्यात घेऊन मी बसले, आणि मन मागे गेलं ते थेट माझ्या या घरातल्या पहिल्या मे महिन्यात.

पॉट मामंजींचा. तरुणपणी ते मुंबईत एका हॉटेलच्या भटारखान्यात होते. नोकरी सोडून गावी आले तेव्हा इतर लोक ट्रंका आणि रेडिओ आणायचे, मामंजींनी हा पॉट आणला. आत्यांनी त्यावरून त्यांना आयुष्यभर ऐकवलं, आणि आयुष्यभर त्यातलं आइस्क्रीम आवडीने खाल्लं.

वर्षातून एकदा, हापूस उतरला की, मामंजी पहाटेच्या एस.टी.ने रत्नागिरीला जायचे. तिथून मिरकरवाड्याला. बंदरावर मासळीसाठी बर्फ करणारा कारखाना होता, तिथे त्यांच्या ओळखीचा माणूस होता. रिकामं पोतं आणि घरचा तूस बरोबर न्यायचा, बर्फाची लादी तुसात पुरायची आणि पोतं बांधून एस.टी.च्या मागच्या बाकाखाली सरकवायचं. गाडीत पाण्याचा ओघळ पुढे कंडक्टरच्या पायाशी यायचा. कंडक्टर विचारायचा, मासळी आहे का? मामंजी म्हणायचे, "नाय ओ, मासलीचा बर्फ हाय, मासली नाय." फाट्यावर उतरून डोक्यावर पोतं घेऊन येईपर्यंत लादीचा अर्धा बर्फ उरायचा. त्याला बांगड्याचा पुसटसा वास असायचा. आत्या तो बर्फ नाक मुरडत धुवायच्या.

माझं लग्न होऊन थोडे दिवस झाले होते. नवरा मुंबईला कारखान्यात परत गेला होता, आणि मी अनोळखी घरात, अनोळखी चुलीपुढे. दिवसभर कामात निभावून न्यायचे आणि संध्याकाळी परसात जाऊन रडायचे. कोणाला कळत नाही असं मला वाटायचं. त्या दिवशी सगळी आळी पॉटाभोवती जमली होती, हँडल मारायला चढाओढ लागली होती. मामंजींनी सगळ्यांना बाजूला केलं आणि हँडल माझ्या हातात दिलं.

"फिरव, पोरी. हात चालू ऱ्हायला की मन जाग्यावर ऱ्हाता."

मी फिरवत राहिले. बर्फ आणि मीठ बादलीत करकरत होतं. हात भरून आले तरी कोणाला दिलं नाही. पहिली वाटी मामंजींनी माझ्यापुढे ठेवली, घरातल्या पुरुषांच्याही आधी. आत्यांनी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. ते आइस्क्रीम मी त्यानंतर किती वेळा खाल्लं, पण त्या पहिल्या वाटीची चव अजून जिभेवर आहे, बांगड्याच्या वासासकट.

बर्फाबरोबर आलेला तूस फेकायचा नाही. तो खळ्यात पसरून कडक उन्हात वाळवायचा आणि पोत्यात भरून ठेवायचा. कशाला, ते मला श्रावणात कळलं.

श्रावणात उघडीप मिळाली की मामंजी वर्षभराच्या पुंगळ्या काढायचे. तेव्हा काडतुसं पितळेची असत आणि तीच पुन्हा पुन्हा भरून वापरायची. उडालेली पुंगळी काळीकुट्ट झालेली असते, आतून चुलीच्या धुराड्यासारखी. आधी बुडाची फुटकी टोपी खिळ्याने ठोकून काढायची. मग पातेल्यात सोलं उकळून त्या आंबट पाण्यात पुंगळ्या टाकायच्या. फार वेळ ठेवायच्या नाहीत. ठेवल्या तर पितळ गुलाबी पडतं आणि मग कमजोर होतं. मग चांगल्या पाण्यात खळबळून सुपात वाळत घालायच्या. ऊन पुढे सरकलं की सूपही सरकवायचं. वाळल्या की नाही हे मामंजी पुंगळी गालाला लावून बघायचे. माझ्याही गालाला लावायचे. "गार लागला म्हंजी आत वल हाय."

त्यानंतर पॉट. आतलं पातं काढून टाकायचं, डब्यात बर्फाचा तो वाळलेला तूस घालायचा, चाळलेली राख चिमूटभर, त्यात पुंगळ्या. झाकण घट्ट करून पॉट आडवा पाडायचा, दोन्ही बाजूंना चिरे लावायचे आणि हँडल फिरवत बसायचं. दुपारभर. बाहेर पाऊस आला तर पडवीत, गेला तर खळ्यात. तुसात पितळ घोळत राहायचं. सुरुवातीला आवाज घोगरा, घशात कफ असल्यासारखा. तूस काळा होत जायचा तसा आवाज मोकळा व्हायचा, आणि मग एका क्षणी सगळ्या पुंगळ्या एकमेकींना लागून खुळखुळायला लागायच्या. मामंजी हात थांबवून ऐकायचे आणि हसायचे. "बोलायला लागल्या."

मग आत्यांची पाळी. डबा सुपात रिकामा करून त्या पुंगळ्या पाखडायच्या. हो, तांदूळ पाखडावेत तशा. तूस उडून जायचा आणि सुपात पिवळंधमक पितळ उरायचं. पडवीच्या कठड्यावर त्या ओळीने उभ्या केल्या की श्रावणातलं ऊन त्यांच्यावर येऊन बसायचं. आत्या बघायच्या आणि म्हणायच्या, "येवडी समई घासली असतीत तर देव तरी पावला असता." मामंजी म्हणायचे, "पावलाय की. तू हायस ना घरात." यावर आत्या सूप आपटून आत जायच्या.

पुंगळ्या भरायचं काम मात्र मामंजी एकटे करायचे, चूल विझवून आणि आम्हा सगळ्यांना लांब पाठवून. ते मी कधी पाहिलं नाही.

पॉट एक आणि कामं दोन, यावरून घरात जे युद्ध व्हायचं ते सांगण्यासारखं आहे. एका वर्षी मामंजींनी डबा धुतला, पण मनापासून धुतला नसावा. मे महिन्यात आत्यांचे मुंबईचे भाऊ आले होते. त्यांनी आइस्क्रीमचा घास घेतला, डोळे मिटून विचार केला आणि म्हणाले, "ताई, वेलची जरा वेगळीच आहे का गं?" मामंजी ताडकन उठून गुरांना पाणी दाखवायला गेले. दुपारची वेळ, गुरं चरायला गेलेली. आत्यांनी भावाला दुसरी वाटी दिली नाही, आणि नवऱ्याशी त्या दिवशी धरलेला अबोला थेट वटपौर्णिमेला सोडला. त्यानंतर पॉटासाठी रत्नागिरीहून दुसरा डबा आला. एक आंब्याचा, एक पितळेचा.

मामंजींचे कान कधी जायला लागले ते सांगता येणार नाही. इतकी वर्षं बंदुकीशेजारी कान, ते थोडेथोडे गेले असणार. मला कळलं ते पॉटाशी. एका श्रावणात मी त्यांच्यासमोर बसले होते. पुंगळ्या केव्हाच्या खुळखुळायला लागल्या होत्या आणि मामंजी आपले फिरवतच होते. मग थांबून त्यांनी विचारलं, "बोलायला लागल्या काय गो?"

मी म्हटलं, "लागल्या, मामंजी."

ते पॉटाकडे बघत नव्हते, माझ्या तोंडाकडे बघत होते.  त्या दिवसापासून ते हँडल फिरवायचे आणि माझ्या तोंडाकडे बघायचे. आवाज मोकळा झाला की मी हसायची, मग ते थांबायचे. मला ते काम फार आवडायचं. या घरात कोणालातरी माझी गरज आहे, असं मला पहिल्यांदा त्या पॉटासमोर वाटलं.

मग ती भाद्रपदातली संध्याकाळ. मामंजी मळीत गेले होते. आत्यांनी भाकरी थापून ठेवली होती, तवा तापला होता. दिवे लागले तरी बार झाला नाही. आत्यांनी थापलेली भाकरी मोडली आणि पुन्हा थापली. पुन्हा मोडली. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "जा गो."

मी मळीच्या वाटेने धावत गेले. अजून थोडा उजेड होता. बांधावर मामंजी बसले होते आणि त्यांच्याशेजारी काशीवहिनी. बंदूक नळीपाशी उघडून आडवी ठेवलेली, न उडालेलं काडतूस गवतात पडलेलं. काशीवहिनी एकाच वेळी रडत होती आणि हसत होती. ती बांधावरचं गवत कापायला आली होती. भुरभुर पाऊस होता म्हणून डोक्यावरून काळ्या घोंगडीची खोळ घेतलेली, आणि वाकून भाताच्या कडेने पुढे सरकत होती. मामंजींना भात हललेला दिसला, मागे काळी पाठ दिसली. त्यांनी बंदूक खांद्याला लावली. काशीवहिनीने ते पाहिलं आणि ओरडली, "मामा, मी हाय, मी हाय." मामंजींना ऐकू आलं नाही. शेवटी तिने खोळ भिरकावून दिली आणि दोन्ही हात वर करून उभी राहिली. तिचं हिरवं लुगडं दिसलं तेव्हा बंदूक खाली आली.

मामंजी माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, "पोरी, ती वरडत होती. मना ऐकू नाय आला."

 काशीवहिनीने पदराने तोंड पुसलं, गवताचा भारा बांधला आणि म्हणाली, "झाला नाय ना काय? उठा आता, मामा. तिकडं आत्यांच्या भाकरीचा दगड झाला असल." तिने ही गोष्ट आजपर्यंत गावात कोणाला सांगितली नाही, स्वतःच्या नवऱ्यालाही नाही. सांगितली असती तर मामंजींना पुन्हा मान वर करून चालता आलं नसतं. म्हणून म्हणते, माझ्या अकलेचा उद्धार करायचा हक्क तिला आहे.

त्यानंतर मामंजी मळीकडे फिरकले नाहीत. बंदूक कोपऱ्यात उभी. डुकरांना दोन दिवसांत अंदाज आला आणि त्यांनी मळी आडवी केली. ते भात म्हणजे आमची वर्षाची चूल. मी आणि काशीवहिनी पत्र्याचे डबे बडवत बांधावरून फिरलो, जे वाचलं ते वाचलं. आत्या म्हणाल्या, "देऊन टाका ती ठान्यात. मुलगा मुंबईला, तुमचे कान असे. कोन राखनार?"

मामंजींनी कोपऱ्यातल्या बंदुकीकडे पाहिलं. मग म्हणाले, "ऐकनारा मानूस घरात हाय. त्याच्या हातात जावू दे."

आत्यांना कळलं तेव्हा त्या उभ्याच राहिल्या. "सुनेच्या हातात बंदूक? मानसा काय म्हनतील?"

"म्हनू देत. मना कुठं ऐकू येनाराय."

आत्यांना हसू आवरलं नाही, आणि हसल्या तिथेच हरल्या. मुंबईहून नवऱ्यानेही नाही म्हटलं नाही. मग रत्नागिरीचे हेलपाटे सुरू झाले. कचेरीतले साहेब मला आपादमस्तक न्याहाळत होते. बाईंना भीती नाही का वाटणार, असं त्यांनी मामंजींना विचारलं. मामंजींना त्यातलं काय कळलं कोण जाणे, त्यांनी ठासून सांगितलं, "कान चांगले हायत तिचे." परवाना झाला. परतताना मामंजींनी मिरकरवाड्यावरून बर्फ घेतला. पावसाळा तोंडावर, आंबा संपलेला. फणसाचं आइस्क्रीम केलं आणि ते कोणालाही आवडलं नाही.

पुढच्या भाद्रपदात मी एकटी मळीत उभी राहिले. मामंजींनी भरून दिलेलं काडतूस, त्याची पुंगळी मीच घोळलेली. आजूबाजूला कोणी नाही ना, हे आधी हाका मारून ऐकून घेतलं, मग नळी आभाळाकडे केली. खांद्याला धक्का बसला, कातळावरून आवाज घुमून परत आला आणि मळीच्या टोकाला काहीतरी जड पळत गेलं. मी पुंगळी काढून ओच्यात टाकली. ती गरम होती. घराकडे निघाले तेव्हा मनात आलं, आता आत्यांनी भाकरी तव्यावर टाकली असेल. माझ्यासाठी. इतके दिवस मी या घरात फाट्यावर गाडीची वाट बघणाऱ्या माणसासारखी राहत होते, मुंबईहून बोलावणं यायची वाट बघत. त्या संध्याकाळी त्या वाटेवर चालताना मला इतकं भरून आलं की सांगता येत नाही. माझी वाट बघणारी माणसं पुढे होती, आणि मी सुखरूप आहे हे त्यांना आधीच कळलेलं होतं.

पोचले तेव्हा आत्या चुलीपुढून उठून आल्या आणि हळूच मला म्हणाल्या, "मी त्यांना काय सांगितला नाय हां. भाकरीचा वास आला, तशे आपनच बोलले, झाला बार."

मग तेच रोजचं झालं. मळीत मी बार काढायची. आत्या तो कानाने ऐकायच्या आणि भाकरी टाकायच्या. पायरीवर बसलेले मामंजी तो नाकाने ऐकायचे. भाकरीला पहिला डाग पडला की म्हणायचे, "झाला बार." कधी वारा उलटा असला तर आत्या भाकरी उलथन्यावर घेऊन पडवीपर्यंत जायच्या. त्यांच्या संसारातलं एवढं लाडिक काही मी दुसरं पाहिलं नाही.

पुढे दुकानातून प्लॅस्टिकची काडतुसं मिळायला लागली. ती एकदा उडवायची आणि रिकामी झाली की बाजूला टाकायची, त्यांना सोलं नकोत, तूस नको. पितळेच्या पुंगळ्यांचं काम संपलं. तरी श्रावण आला की मामंजी त्या काढायचे. शेवटच्या वर्षी त्यांच्या हातात जोर नव्हता. ते थोडं फिरवायचे, मग मी फिरवायची. आवाज मोकळा झाला तशी मी सवयीने हसले. ते म्हणाले, "ऱ्हावू दे आता तुसातच. पुढच्या सालाला पाखडू." ते साल त्यांच्या वाट्याला आलं नाही. डबा तसाच पॉटात आणि पॉट माळ्यावर गेला. पुढे माझा नवरा निवृत्त होऊन गावी आला, काही वर्षं सुखात गेली, तोही गेला. उरलो आत्या आणि मी, एकीला दुसरीचा आवाज पुरेल इतक्या अंतरावर.

"बार झाला काय गो?" आत्यांनी पुन्हा विचारलं.

 काशीवहिनी खोबरेल घेऊन आली, दात्यांत सोडलं. आम्ही पॉट आडवा पाडला, दोन्ही बाजूंना चिरे लावले आणि मी हँडल धरलं. आधी हललंच नाही. मग एकदम सुटलं. घोगरा आवाज निघाला. हवालदाराच्या हातात पुंगळ्या द्यायच्याच होत्या, तर काळ्या कशाला द्यायच्या, एवढंच तेव्हा माझ्या मनात होतं. मी फिरवत राहिले. काशीवहिनी पाय पसरून बसली आणि आश्चर्य म्हणजे गप्प बसली. उजेड खळ्यातून निघून गेला. हळूहळू आवाज मोकळा झाला आणि पुंगळ्या खुळखुळायला लागल्या.

आतून आत्या म्हणाल्या, "बोलायला लागल्या काय?"

माझा हात थांबला. "लागल्या, आत्या."

"मंग अजून बार नाय झाला?"

काशीवहिनीने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आत्यांचे दात गेले तसा मी संध्याकाळी कुकर लावायला लागले. मऊभात, कुळथाची पिठी. किती महिने झाले, या घरात दिवेलागणीला भाकरीच भाजलेली नव्हती, मग मामंजींसारखा नाकाने तरी त्यांना बार कसा ऐकू येणार?

उठले. परात घेतली, तांदळाचं पीठ घेतलं. हात पितळेच्या वासाचे होते ते राखेने घासून धुतले. तवा तापवला आणि भाकरी थापून टाकली. वरून पाणी फिरवलं, उलटली. पहिला डाग पडला तशी ती परतून निखाऱ्यावर धरावी म्हणून मी सवयीने चूल शोधली, मग गॅसवरच फुगवली. वास स्वयंपाकघरातून निघाला, माजघरात गेला. काशीवहिनी उंबऱ्यात उभी होती, तिने हाताने खूण केली, अजून एक टाक. दुसरी टाकली.

आत्यांची खाट करकरली. त्या कोपरावर उठून बसल्या होत्या, तोंड दाराकडे.

"झाला बार," त्या म्हणाल्या. "वाढ गो. आनि तू पन बस, दमली असशील मलीतून चालून."

मी भाकरी दुधात कुस्करली आणि त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ताट स्वतःच जवळ ओढलं.